छापा, काटा आणि बावीस मुली

नाण्याला दोन बाजू असतात, असं मोठी माणसं भाषणात सांगतात. त्यांनी बहुधा नाणी फक्त उडवलेली असतात, मोजलेली नसतात. बँकेच्या कॅश काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा. तो सांगेल की नाण्याला तीन बाजू असतात. छापा, काटा आणि कड. देवस्थानच्या दानपेटीतली पोती काउंटरवर येऊन आदळली, की दिवसभर आमच्या बोटांना लागते ती कड. संध्याकाळी घरी जेवायला बसलं की भाजीला, आमटीला आणि ताकालाही तिचीच चव येते.

नाण्यांच्या बाबतीत सरकारचेही काही नियम आहेत. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपयाच्या आणि त्यावरच्या नाण्यांत एका वेळी हजार रुपयांपर्यंतचंच देणं कायद्याने फेडता येतं. पन्नास पैशांच्या नाण्यांत तर फक्त दहा रुपयांपर्यंतचं. म्हणजे नाण्याच्या अधिकाराला मर्यादा आहे, हे सरकारने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. फुटबॉलवाल्यांनीही ते लिहून ठेवलं आहे. फक्त त्यांचं पुस्तक वेळेवर उघडावं लागतं. ते वेळेवर न उघडल्यामुळे काय झालं, त्याची ही हकीकत.

आता, बँकेतल्या कारकुनाने फुटबॉलवर का लिहावं, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या कॉलेजात फुटबॉल एकच होता आणि तो जिमखान्याच्या कपाटात कुलपाआड असे. त्याला पाय लावणारा विद्यार्थी मी पाहिलेला नाही. पण ही हकीकत फुटबॉलइतकीच हिशेबाची आहे, नियमाची आहे आणि एका नाण्याची आहे. आणि या तिन्ही विषयांत आमचा हात कोण धरील?

तर तारीख ८ फेब्रुवारी २०२४. स्थळ, ढाक्यातलं कमलापूरचं स्टेडियम. दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजे ‘सॅफ’, यांनी भरवलेली एकोणीस वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा. देश चार: बांगलादेश, भारत, नेपाळ आणि भूतान. आधी प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं आणि वरच्या दोघांनी अंतिम सामना खेळायचा. आपल्या मुलींनी भूतानवर दहा गोल चढवले, नेपाळवर चार. मध्ये बांगलादेशाशी गाठ पडली तिथे मात्र ०-१ अशी हार खाल्ली. अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोघे समोरासमोर.

हे दोघे म्हणजे एका वाड्यातल्या शेजारणी. नळावर रोज गाठ आणि रोज वाद. डिसेंबर २०२१ मध्ये याच ढाक्यात, याच वयोगटाच्या अंतिम सामन्यात बांगलादेशाने भारताला १-० ने हरवलं होतं. मार्च २०२२ मध्ये जमशेदपूरला अठरा वर्षांखालच्या स्पर्धेतही शेवटचा सामना बांगलादेशानेच जिंकला, पण करंडक नेला भारताने. कारण दोघांचे गुण सारखे झाले आणि गोलांच्या वजाबाकीत भारत पुढे निघाला. सामना त्यांचा, बेरीज-वजाबाकी आपली. असा निकाल लागला की मला कॉमर्सचा अभिमान वाटतो.

ढाक्याच्या अंतिम सामन्यात आठव्याच मिनिटाला शिबानी देवीने भारताचा गोल केला. त्यानंतर भारताने तो एक गोल जपला, जपला आणि जपला. महिनाअखेरीला शंभराची शेवटची नोट पाकिटाच्या चोरकप्प्यात जपावी, तसा. नव्वद मिनिटं उलटली. वाया गेलेल्या वेळेपोटी रेफ्री जी चार-दोन मिनिटं वाढवून देतो, तेवढीच उरली. अशी मिनिटं म्हणजे बँक बंद व्हायला दोन मिनिटं असताना आत शिरणारं गिऱ्हाईक. ते कधीही साधी पासबुकची एन्ट्री करायला आलेलं नसतं. इथेही तसंच झालं. सागरिका नावाच्या मुलीने बांगलादेशाचा गोल केला. १-१. साखळीतल्या सामन्यात आपल्याला हरवणारा गोलही हिचाच. हिच्या वडिलांची गावाकडे चहाची टपरी आहे आणि मुलीने फुटबॉल खेळावा हे त्यांना आधी पसंत नव्हतं. नंतर पसंत पडलं असणार, असा माझा अंदाज आहे.

मग आल्या पेनल्टी. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोलपासून बारा यार्डांवर चेंडू ठेवतात. समोर चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच अशी चौकट, म्हणजे आमच्या दिवाणखान्यापेक्षा लांबलचक. तीत एकटी गोलकीपर. एकीने मारायचं, एकीने अडवायचं. दोन्ही बाजूंनी पाच-पाच. तरी बरोबरी राहिली तर मग एकेक, एकेक, कुणीतरी चुकेपर्यंत.

इथे कुणी चुकेचना!

पाच झाल्या, पाचांवर पाच. सहावी गेली, सातवी गेली. ज्या मुलींनी आयुष्यात कधी पेनल्टी मारली नसेल त्यांनाही पुढे यावं लागलं. आपल्याकडे लग्नात पंगत वाढायला आधी घरची माणसं, मग शेजारी आणि शेवटी आहेर द्यायला आलेला पाहुणाही कामाला लागतो, तसं. शेवटी दोन्ही गोलकीपर मुली उरल्या. ज्यांचा जन्म चेंडू अडवण्यासाठी, त्यांनी आता मारायचा. त्यांनीही मारला, तोही आत. अकरा-अकरा. बावीस मुली, बावीस चेंडू, बावीस गोल.

हा आकडा केवढा, ते ध्यानात यावं म्हणून एक दाखला देतो. २६ मे २०२१ ला पोलंडमधल्या गदान्स्क शहरात युरोपा लीगचा अंतिम सामना झाला. मँचेस्टर युनायटेड विरुद्ध स्पेनचा व्हियारेआल. तोही १-१, तिथेही पेनल्टी. एकवीस चेंडू लागोपाठ आत गेले. बाविसावा मारायला आला युनायटेडचा गोलकीपर डेव्हिड डी हेया. या माणसाच्या आठवड्याच्या पगारात आमच्या शाखेचे किती महिने निघतील, याचा हिशेब मी मधल्या सुट्टीत करून पाहिला आणि डबा तसाच परत नेला. त्याचा तो बाविसावा चेंडू अडला. व्हियारेआल ११-१० ने जिंकलं. जे त्याला साधलं नाही, ते ढाक्यात एकोणीस वर्षांखालच्या मुलीने करून दाखवलं. त्याच क्षणी कुणीतरी सामना थांबवून दोन्ही संघांना पेढे वाटायला हवे होते.

त्याऐवजी नाणं निघालं.

नियम काय आहे ते सांगतो, कारण नियम अगदी सोपा आहे. सगळ्यांची एकेक पाळी झाली आणि तरीही बरोबरी असली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. क्रम बदलायचा असेल तर बदलावा. बाविसानंतर तेविसावी, तेविसानंतर चोविसावी. दिवाळी येईपर्यंत मारत बसा, पण मारत बसा. हे एवढंच. पण सामन्याच्या आयुक्तांना वाटलं की आता नाणं उडवून निकाल लावावा. त्यांनी तसं फर्मावलं. दोन्ही कप्तान पुढे आल्या, नाणं वर गेलं, खाली आलं आणि कौल भारताच्या बाजूने पडला. आपल्या मुली आनंदाने नाचायला लागल्या. बांगलादेशच्या मुली जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि मग, हा कुठला न्याय, असं विचारू लागल्या.

बँकेत असं होणं शक्य नाही. हा आमच्या बुद्धीचा मोठेपणा नव्हे, सर्क्युलरचा आहे. आमच्याकडे छप्पर गळायला लागलं तरी बादली कुठे ठेवायची याचं सर्क्युलर आल्याशिवाय बादली हलत नाही. लोक याला लालफीत म्हणतात, हसतात. हसोत बापडे. पण निवृत्तीला टेकलेल्या हेडकॅशियरने कधी दोन खातेदारांना समोर उभं करून, “तुमच्या दोघांची सही जुळतेय, तेव्हा छापा आला तर पैसे तुमचे,” असं म्हटल्याचं ऐकलंय?

आयुक्तांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी केलं ते काही आकाशातून पडलेलं नव्हतं. फुटबॉलात असं पूर्वी होत असे, आणि चांगल्या प्रतिष्ठित ठिकाणी होत असे. १९५४ च्या विश्वचषकात कुणी जायचं, यासाठी स्पेन आणि तुर्कस्तान रोममध्ये खेळले. २-२ बरोबरी. मग एका इटालियन पोराच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याला चिठ्ठी उचलायला सांगितलं. त्याने तुर्कस्तानची उचलली. स्पेनचा अख्खा संघ घरी आणि पोरगं इतिहासात.

१९६५ च्या मार्चमध्ये तर आणखी गंमत झाली. युरोपियन कपात इंग्लंडचं लिव्हरपूल आणि जर्मनीचं कोलोन. दोन सामने झाले, दोन्ही ०-०. तिसरा रॉटरडॅमला, तो २-२. शेवटी रेफ्रीने एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला पांढरी अशी चकती उडवली. मैदानात झाला होता चिखल. चकती खाली आली आणि चिखलात कडेवर उभी राहिली! पाहा, सुरुवातीला मी तिसऱ्या बाजूचं म्हणत होतो, तेव्हा तुम्ही हसला असाल. चकती पुन्हा उडवावी लागली. तेव्हा कुठे लिव्हरपूल पुढे गेलं.

पुढे ५ जून १९६८. युरोपियन चॅम्पियनशिपचा उपांत्य सामना, नेपल्समध्ये, इटली विरुद्ध सोव्हिएत युनियन. जादा वेळ खेळूनही ०-०. इटलीच्या कप्तानाने, फाकेत्तीने, काटा मागितला आणि काटा पडला. इटली अंतिम सामन्यात गेली आणि युरोपची विजेतीही ठरली. सोव्हिएत युनियनसारखी महासत्ता एका नाण्यापुढे काही करू शकली नाही. त्याच वर्षी मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये इस्राएलचा संघ बल्गेरियाशी बरोबरीत राहिला आणि चिठ्ठीवर बाहेर पडला. यावर योसेफ दगान नावाच्या इस्राएली गृहस्थाने असा विचार केला की, अरे, हा काय सत्यनारायणाचा लकी ड्रॉ आहे? निकाल लावायचाच तर निदान पायाने लावा. इस्राएलने तसा प्रस्ताव पाठवला आणि जून १९७० मध्ये नियम करणाऱ्या मंडळाने पेनल्टीची पद्धत मान्य केली.

म्हणजे पेनल्टी ही चीजच मुळी नाण्याला हद्दपार करण्यासाठी जन्माला आली. नाण्याचा अन्याय नको, म्हणून पेनल्टी. आणि ढाक्यात पेनल्टीचं काय करावं ते कळेना, म्हणून पुन्हा नाणं! सासऱ्याच्या जाचाला कंटाळून वेगळं बिऱ्हाड करावं आणि नव्या घराचा मालक म्हणून तेच सासरे दार उघडायला यावेत, तशातली गत.

जाता जाता आणखी एक हिशेब. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ साली बायकांना आपल्या मैदानांवर बंदी घातली होती. हा खेळ बायकांना मानवणारा नाही, असं त्यांचं मत पडलं. खरं कारण काही असो, आदल्याच वर्षी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर नाताळच्या दुसऱ्या दिवशी बायकांचा सामना बघायला त्रेपन्न हजार माणसं आली होती. एवढी गर्दी झाली की व्यवस्थापकाच्या पोटात दुखतंच, हा अनुभव सर्वत्र आहे. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. पन्नास वर्षं! त्यामुळे नाण्यावर निकाल लावण्याच्या त्या जुन्या जमान्यात या खेळातल्या बायकांना हरायलासुद्धा फारशी संधी नव्हती. पुरुषांनी टाकून दिलेलं ते नाणं त्यांच्या वाट्याला आलं ते २०२४ मध्ये. घरातही जुना कुकर असाच हस्तांतरित होतो.

परत ढाक्याला येऊ. तिथे आता प्रेक्षकांतून बाटल्या यायला लागल्या होत्या. बांगलादेशच्या मुली मैदान सोडायला तयार नव्हत्या. मग कुणीतरी ते पुस्तक उघडलं. नियमात नाणं नाही, हे निष्पन्न झालं. आयुक्तांनी हुकूम फिरवला. नाणेफेक रद्द, पेनल्टी पुन्हा सुरू करा! पण आता आपल्या मुली तयार नव्हत्या. एकदा जिंकलो म्हणून सांगितलं, नाचलो, आता पुन्हा मारा कशासाठी? त्या मैदानाबाहेर निघून गेल्या. त्यांना परत येण्यासाठी अर्ध्या तासाची मुदत दिली, ती उलटून गेली. शेवटी बरीच बोलणी होऊन जाहीर झालं: भारत आणि बांगलादेश संयुक्त विजेते.

आमच्या भाषेत सांगायचं तर जॉइंट अकाउंट. ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’.

ही बातमी मी घरी वाचून दाखवली. धाकट्या कन्येने विचारलं, “बाबा, म्हणजे आपण जिंकलो की नाही?” मी म्हटलं, “बाळ, ज्या रकमेचा मालक ठरत नाही ती आम्ही सस्पेन्स अकाउंटमध्ये टाकतो. हा करंडक सध्या तिथे आहे.” तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, नाणं आपल्या बाजूने पडलं तर आपणच जिंकलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, त्यात एवढं काय? पोळ्या संपल्या आणि जेवणारे बाकी असले, तर आपण पुन्हा कणीक भिजवतो. कोण उपाशी राहणार याचं नाणं उडवत नाही.” फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक सौभाग्यवतींनी वाचलेलं नाही. पण आयुक्तांच्या जागी तिला बसवलं असतं तर सामना रात्री वेळेवर संपला असता.

मला स्वतःला त्या रात्रीचं वाईट वाटतं ते दोन्हीकडच्या मुलींसाठी. आपण हिंदुस्थानी म्हणून आपल्या बाजूने बोलावं हे खरं. आपल्या मुलींचा दोष काही नव्हता. मोठ्या माणसाने सांगितलं नाणं, त्यांनी नाणं मानलं. मोठ्या माणसाने सांगितलं जिंकलात, त्या नाचल्या. पण बांगलादेशच्या मुलींचा तरी काय दोष? अकरापैकी अकरा आत घालूनही हरलात म्हणे, का, तर एका नाण्याने कूस बदलली. त्या भांडल्या ते बरोबरच भांडल्या. त्या रात्री मैदानावर नियम पाळणारी माणसं होती ती सगळी एकोणीस वर्षांखालची होती, आणि पुस्तक मात्र मोठ्यांच्या हातात होतं.

या पोरी कुठून येतात, हेही पाहण्यासारखं आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आपल्याच देशात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि आपली नवी मुंबई. अंतिम सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. भारताचे तिन्ही सामने भुवनेश्वरला. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. नावे सोळा, जमा शून्य. लेजर पाहून आमच्या शाखेत काहीजण हसले. त्या संघाची कप्तान होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उराँव. तिच्या सन्मानार्थ गावात रस्ता बांधायला घेतला, तेव्हा त्या रस्त्याच्या कामावर रोजंदारीने तिचे आईवडीलच होते, अशी बातमी तेव्हा छापून आली होती. मुलीच्या नावाने रस्ता, आणि खडी वाहणारे तिचेच जन्मदाते. ही बातमी वाचल्यावर शाखेतलं हसू थांबलं. टपरीवाल्याची सागरिका आणि रस्त्यावरच्या मजुरांची अष्टम यांनी आपापल्या घरी जे पटवून दिलं असेल, त्यापुढे बारा यार्डांवरून चेंडू मारणं म्हणजे काहीच नव्हे. असल्या मुलींच्या मेहनतीचा निकाल छापा-काट्यावर लावायचा, याला आमच्या खात्यात अफरातफर म्हणतात.

नियतीलाही हिशेब पुरा करायची सवय असते. त्या ढाक्याच्या रात्रीनंतर महिनाच लोटला होता. मार्च २०२४ मध्ये नेपाळमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलींची सॅफ स्पर्धा झाली. अंतिम सामना भारत विरुद्ध बांगलादेश. निकाल, वाचकहो, १-१! पुन्हा पेनल्टी! सगळ्यांनी खिसे चाचपले असतील. पण या वेळी बांगलादेशच्या गोलकीपरने चेंडू अडवले, आणि ३-२ असा निकाल लागून करंडक उघडपणे बांगलादेशाकडे गेला. मी हरलो तेवढा हरलो, पण ताळेबंद जुळल्याचं समाधान मिळालं.

आपल्याही पोरींनी त्यानंतर खातं सुधारलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांखालच्या मुलींनी यांगूनला जाऊन म्यानमारला १-० ने हरवलं आणि वीस वर्षांनी आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली. पाठोपाठ ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या धाकट्या बहिणींनी किर्गिझस्तानातल्या बिश्केकमध्ये तेच केलं. उझबेकिस्तानविरुद्ध आधी एक गोल खाल्ला, मग थंडामोनी बास्के आणि अनुष्का कुमारी यांनी दोन फेडले. २-१. त्या सामन्यात नाणं उडालं ते अगदी सुरुवातीला, कुणी कुठल्या बाजूने खेळायचं तेवढं ठरवण्यापुरतं. मग रेफ्रीने ते खिशात घातलं आणि खेळ सुरू झाला.